मुलाच्या डोळ्यात चुना उडाला तर

आजोबांच्या चंचीतली चुन्याची पुडी मुलाच्या हाती लागते. ते ती दाबतं, दातांनी उघडू बघतं आणि पुडी फटकन फुटून चुना थेट डोळ्यात जातो. चुना अल्कली असतो, आणि अल्कली वरवर न थांबता बुबुळात खोल झिरपत जाते. म्हणून आधी पाणी, मग दवाखाना.

मुलाला हातांसकट टॉवेलात गुंडाळा, नाहीतर ते डोळा चोळणारच. कुशीवर निजवा. चुना गेलेला डोळा खालच्या बाजूला हवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात ओघळणार नाही.

हाताशी असेल ते स्वच्छ पाणी घ्या. सलाइन शोधण्यात वेळ घालवू नका. तांब्याने बारीक धार सोडा, नाकाकडून कानाकडे. मूल डोळा गच्च मिटून घेईल. दुसऱ्या कुणीतरी पापण्या फाकवून धरायच्या. बोटं भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवा, डोळ्यावर दाब नको. घड्याळ बघून निदान अर्धा तास धुवा. मूल रडायचं थांबलं म्हणून आपण थांबायचं नाही.

चुन्याचे कण दिसत असतील तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने अलगद टिपा. बुबुळावर घासू नका. वरच्या पापणीआड कण दडून बसतात आणि तिथूनच डोळा जाळत राहतात. ते काढणं डॉक्टरांचं काम.

तूप, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यातलं काहीही घालू नका. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू तर मुळीच नको. मेडिकलमधून थेंब आणू नका, पट्टीही बांधू नका.

मग डोळ्यांच्या दवाखान्यात, पुडी सोबत घेऊन. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतही धार चालू ठेवता आली तर उत्तम. तिथे डॉक्टर कागदाच्या पट्टीने अल्कली उरली आहे का ते तपासतात आणि पापणी उलटवून कण काढतात. लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागू शकते. डोळा लाल न दिसता पांढराफटक दिसला तर हायसं वाटून घेऊ नका. तिथल्या रक्तवाहिन्या भाजल्याची ती खूण असू शकते.

सुई, बाण किंवा फटाक्याने डोळा फुटल्याची शंका असेल तर मात्र यातलं काही करू नका. धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं काढायचं नाही. कागदी कप कापून, डोळ्याला न टेकता, हाडांवर चिकटवा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला न देता तडक निघा.