रात्रपाळीत पोट आणि झोप बिघडते कुठे? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री असो, मच्छे-होनग्याचे कारखाने असोत, अथणी-रायबागकडचा गळीत हंगाम असो की दवाखान्यातली नाइट ड्युटी, तक्रारी सगळीकडे त्याच ऐकू येतात. करपट ढेकर, पोट साफ नाही, दिवसा झोप लागत नाही, लागली तर तीन तासांत मोडते. पोटासाठी आम्लपित्ताची गोळी घेतली जाते आणि झोपेचे ‘सवय होईल’ म्हणून सोडून दिले जाते. खरे तर ही बहुतेक वेळा एकच तक्रार असते. खाण्याची वेळ चुकते, म्हणून झोप मोडते. झोप मोडली की भूक भलत्या वेळी लागते.

आधी ‘सवय होईल’बद्दल. शरीराचे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते आणि दिवसाला साधारण तासभरच सरकते. आठवड्याची पाळी सहा रात्रींची. त्यातही रोज सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन पडते आणि ते घड्याळाला पुन्हा मागे ओढते. म्हणजे दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचे शरीर रात्रीला पूर्ण सरावतच नाही. म्हणून पोट दिवसाच्याच वेळेवर ठेवायचे आणि झोप तेवढी जपून हलवायची.

रात्री एकला पोटभर जेवण

सगळ्यात मोठी चूक हीच. घरातून आठला घाईघाईत चहा-बिस्कीट घेऊन निघायचे आणि सुट्टीत कॅन्टीनचा चित्रान्न, वर मिरची भजी, असे ताटभर हाणायचे. रात्री जठर रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो आणि इन्शुलिनचा परिणाम दिवसापेक्षा कमी होतो. तेच ताट रात्री एकला खाल्ले तर रक्तातली साखर दुपारच्यापेक्षा जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. त्यातच पहाटे ३ ते ५ या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली असते. जड पोट आणि ही वेळ एकत्र आली की मशीनवर उभ्या उभ्या डुलकी येते. तळण तर सकाळी घरी जाऊन आडवे होईपर्यंत वर येत राहते.

दहा ते सहाच्या पाळीसाठी जमणारी वेळ अशी. संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान मुख्य जेवण: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, उसळ किंवा पालेभाजी, वाटीभर आमटी-भात, ताक. रात्री बारा ते एकच्या मध्ये हलका डबा: एक चपाती किंवा अर्धी भाकरी, सुकी भाजी, दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर भाजलेल्या शेंगा, एक केळे. त्यानंतर पाळी सुटेपर्यंत पाणी. फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे पुरतात. सकाळी सातला थोडेसे: वाटीभर उप्पीट किंवा एक दशमी आणि अर्धा कप दूध. दुपारी उठल्यावर दुसरे मुख्य जेवण.

साखर कारखान्यात पाळी बारा ते आठ असेल तर जेवण साडेसातलाच उरका, नऊ ते अकरा पडा आणि डबा अडीचच्या आत संपवा. फौंड्रीत रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची असेल तर जेवण साडेसहाला. डबा दोन भागांत खावा, अकराला आणि दोनला.

डब्यात काय जाते, तेही पाहायला हवे. आठला भरलेला आमटी-भात भट्टीजवळच्या उष्णतेत एकपर्यंत पाच तास राहतो. कोमट भात इतका वेळ राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि नंतर गरम केला तरी त्यांनी तयार केलेले विष जात नाही. मग मळमळ, उलट्या सुरू होतात आणि नाव मात्र ‘जागरणाचे पित्त’. भात घरी खाऊन या. डब्यात भाकरी, शेंगाची चटणी, सुकी भाजी असू द्या.

भट्टीवर, बॉयलरवर किंवा बॉयलिंग हाऊसमध्ये (साखर कारखान्यात रस उकळतात तिथे) काम असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाणी प्यायचे. तहान लागायची वाट बघू नका. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्या. चमचा चहाचा, आणि मीठ मोजूनच. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजा. पाळीच्या शेवटच्या तासात मात्र ढसाढसा पिऊ नका. दहा वाजता झोप मोडण्याचे ते एक साधे कारण आहे.

पहिल्या रात्रीला दिवसभर जागून जाणे

सोमवारी पहिली नाइट. सकाळी सहाला उठून शेतात एक फेरी, दुपारी बाजार, संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि दहाला पंच. मंगळवारी सकाळी सहाला २४ तास जागरण झालेले असते. प्रयोगांत मोजले गेले आहे की सलग १७ तास जागे राहिले की माणसाची चपळता रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी मंदावते, आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्याइतकी. आपल्या देशात वाहनचालकाला परवानगी ०.०३ टक्क्यांपर्यंतच आहे.

उपाय सोपा आहे: त्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी दीड तास झोप. दीड तासच का, तर तेवढ्यात झोपेचे एक आवर्तन पुरे होते आणि उठल्यावर डोके जड राहत नाही. पाळीतल्या सुट्टीत पडायला परवानगी असेल तर २० मिनिटे, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेले की गाढ झोपेतून उठावे लागते आणि त्या गुंगीत हात चुकतो. उठल्यावर तोंड धुऊन दहा-पंधरा मिनिटे चालल्याशिवाय लेडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे), प्रेस किंवा क्रेनला हात लावू नये.

रात्रीची थ्री फेज वीज आली म्हणून पंप चालू करायला शेतात जाणाऱ्यालाही हेच लागू आहे. पाण्याची बारी माहीत असते, तेव्हा आधीची झोपही ठरवता येते.

चहा पाचचा, झोप दहाला

चहाने झोप जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती वेळ, हे सहसा धरले जात नाही. अंगातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन सकाळी दहाला, तुम्ही पडलेले असताना, काम करत असते. म्हणून शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात दोन-तीन अर्धे कप घ्यायला हरकत नाही. फिल्टर कॉफी जास्त जोरकस असते, ती एकच आणि बाराच्या आत.

साखरेचा हिशेबही करा. कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम. रात्रीत सहा चहा झाले तर ६० ग्रॅम साखर नुसती चहातून गेली. ‘जेवण तर कमी आहे, मग पोट का सुटले’ याचे उत्तर पुष्कळदा या ग्लासांत सापडते.

निपाणी पट्ट्यात तंबाखू हाताशी असते आणि पहाटे चारला झोप उडवायला चिमूट मळली जाते. निकोटीनही उत्तेजकच. पाळी सुटताना घेतलेली तंबाखू, मावा किंवा बिडी झोप लांबवते आणि आम्लही वाढवते. सकाळी ‘झोप लागावी म्हणून’ घेतलेली दारू त्याहून वाईट. डोळा पटकन लागतो, पण दोन-तीन तासांनी झोप तुकड्या-तुकड्यांची होते आणि घसा कोरडा पडून जाग येते.

घरी जाण्याचा रस्ता

पाळी सुटल्यावर खानापूर रस्त्याने किंवा महामार्गाने दुचाकीवर वीस-तीस किलोमीटर जाणारे पुष्कळ आहेत. डोळे उघडे असूनही दोन-तीन सेकंद मेंदू झोपतो, आणि त्या माणसाला ते कळतही नाही. ताशी ६० किलोमीटरने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. हंगामात त्याच रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि थंडीत धुकेही असते. जांभई थांबत नसेल, शेवटचा स्टॉप कधी गेला ते आठवत नसेल तर गाडी बाजूला घ्या आणि २० मिनिटे डोळे मिटा. गार वारा आणि मोठ्या आवाजातले गाणे यांनी डुलकी टळत नाही. शक्य असेल तर बस धरा, किंवा दोघे मिळून जा आणि ताजातवाना असेल त्याने चालवावे.

काळा चष्मा लावल्याने सकाळचे ऊन कमी लागते आणि पुढची झोप सोपी जाते, हे खरे. पण तो बसमध्ये बसणाऱ्यासाठी. गाडी चालवणाऱ्याने लावला तर आधीच पेंगणाऱ्या डोळ्यांना अंधारच मिळतो.

दिवसाची झोप ही झोपच आहे

घरच्यांना वाटते, बाबा दिवसभर घरीच तर आहेत. मग गॅस सिलिंडर घ्यायला उठवले जाते, बँकेत पाठवले जाते, पाहुणा आला म्हणून हाक मारली जाते. दिवसाची झोप तशीही रात्रीपेक्षा एक ते चार तासांनी कमी भरते. त्यात दोन वेळा उठवले की चारच तास हाती लागतात. घरात एकदा बसून ठरवा: सकाळी आठ ते दुपारी तीन दाराला कडी, फोन आईजवळ किंवा बायकोजवळ, आणि कारण दवाखान्याचे असेल तरच उठवायचे.

खोलीचे काम एका रविवारी होते. खिडकीला आतून जाड काळे कापड, कडा खिळ्यांनी किंवा चिकटपट्टीने बंद. हात डोळ्यांसमोर धरून बोटे दिसत नसतील तर अंधार पुरेसा. पत्र्याचे घर मार्च ते मेमध्ये दुपारी तापते, म्हणून माडीवर झोपू नका. तळमजल्याची, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड असलेली खोली घ्या. पत्र्यावर पांढरा चुना मारा आणि खिडकीत ओले गोणपाट टांगा. वडगाव-खासबागेत शेजारी माग चालत असतील तर कानात फोमचे बोळे घाला आणि पंखा मोठा ठेवा. त्याच्या एकसुरी आवाजात बाकीचा खडखडाट दबतो.

नाइट करून आलेल्या बाईची अडचण वेगळी. सातला घरी पोचली की नाश्ता, मुलांचे डबे, शाळेची बस आणि मग धुणे. ‘सगळे आवरून झोपते’ म्हणता म्हणता अकरा वाजतात आणि चारला मुले परत. अशा घरात झोप दोन तुकड्यांत ठरवून घेतलेली बरी: सकाळी साडेआठ ते एक, आणि संध्याकाळी सहा ते साडेसात. मिळून सहा तास होतात. त्यासाठी सकाळचा स्वयंपाक त्या आठवड्यात दुसऱ्या कोणीतरी करायला हवा. सासूबाई, नवरा, मोठा मुलगा, जो असेल तो. ही मदत मागण्यात कमीपणा कसला?

तरीही झोप मोडते

किती तासांनी मोडते ते पाहा. तासाभरात मोडत असेल तर छातीत जळजळ आहे का? सातचा नाश्ता अर्धा करा, पडण्याआधी तासभर बसून राहा, मग डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-सहा इंचांच्या विटा द्या. उशा वाढवून मान वाकते, जळजळ जात नाही. दोन-तीन तासांनी लघवीला उठावे लागत असेल तर पाण्याची वेळ बदला. बाराच्या सुमारास घामाघूम होऊन जाग येत असेल तर खोली गार करा. खोली गार असूनही घाम, थरथर होत असेल आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर तपासा. पडून तासभर डोळाच लागत नसेल तर दोननंतरचा चहा किंवा तंबाखू कुठे झाली ते आठवा. मोबाईल उशाशी नको.

नाइटचा आठवडा संपून पुन्हा दिवसाच्या वेळेला जुळवून घेताना शेवटच्या नाइटनंतर दिवसभर झोपू नका. सकाळी आठ ते साडेअकरा झोपा, उठून उन्हात जा, वेळेवर जेवा, रात्री दहाला पडा. एका रात्रीत बरेचसे सावरते.

उपवास आणि गोळ्या

संकष्टीला चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री साडेआठ ते दहाच्या सुमारास असतो. म्हणजे दिवसभर रिकाम्या पोटी राहून नेमके पाळीच्या तोंडावर पुरणपोळी, मोदक. रात्रपाळीच्या आठवड्यात उपवास करायचाच असेल तर दुपारी उठल्यावर फळे, दूध, शेंगा पोटात जाऊ द्या आणि सोडताना अर्धेच जेवा. एकादशीला नुसत्या साबुदाण्याच्या खिचडीवर रात्र काढली की साखर झपकन चढते आणि उतरते. त्यापेक्षा भगर, ताक, शेंगा.

‘सकाळची गोळी’ ही चिठ्ठी रात्रपाळीत धोक्याची ठरू शकते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी मुख्य जेवणाबरोबर घ्यायची असते. ती सकाळी सातला घेऊन, थोडेसे खाऊन सात तास झोपले तर झोपेतच साखर घसरते. डॉक्टरांना पाळीची वेळ, जेवणाची वेळ आणि झोपेची वेळ कागदावर लिहून द्या आणि कोणती गोळी कोणत्या जेवणाला ते ठरवून घ्या. आपणहून वेळ बदलू नका. खिशात साखरेची पुडी ठेवा. थरथर, घाम सुटला तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, धाप आणि गार घाम असेल तर त्याला ‘रात्रीची भजी बाधली’ म्हणू नका. काळी शौच, गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, यांतल्या कशालाही आम्लपित्ताच्या गोळीवर ढकलू नका. जोरात घोरणे आणि दिवसपाळीच्या आठवड्यातही बसल्या जागी पेंगणे असेल तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता असते, ते तपासून घ्या.

उपाशीपोटीची साखर तपासायला नाइट सुटल्यावर थेट लॅबमध्ये जाऊ नका. एकचा डबा आणि चारचा चहा पोटात असताना तो आठ तासांचा उपवास होत नाही, आणि जागरणानेही आकडा वर जातो. सुट्टीनंतर, निदान दोन रात्री नीट झोपून, सकाळी रिकाम्या पोटी जा. ते जमत नसेल तर एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करून घ्या. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात कळते.