लॉ सीईटी आणि रिझर्व्ह सीट: क्लास लावायच्या आधी पत्र्याची पेटी उघडा

सीईटीचा क्लास लावायच्या आधी एक करा, घरातली पत्र्याची पेटी खाली काढा आणि आजोबांचा शाळेचा दाखला सापडतोय का बघा. मस्करी नाही करत. एलएलबीची सीईटी तशी झेपते, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, पण रिझर्व्हमधून सीट घ्यायची तर खरी परीक्षा कागदांची असते आणि तिची तयारी कितीतरी महिने आधी लागते, मला हे लय उशिरा कळलं.

पात्रता पटकन सांगते. बारावीनंतर ५ वर्षांचा कोर्स, ग्रॅज्युएशननंतर ३ वर्षांचा. ओपनला ४५ टक्के, ओबीसी-व्हीजेएनटीला ४२, एससी-एसटीला ४०. फॉर्म स्टेट सीईटी सेलच्या साइटवर, आणि फॉर्म दोन असतात बरं का, एक परीक्षेचा आणि निकालानंतर कॅपचा, म्हणजे कॉलेजवाटपाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, वेगळा. पहिला भरून निवांत बसलेले लोक मी बघितलेत.

आता कागद. जातीचा दाखला सेतूतून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढायचा, सही प्रांतांची असते. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी असाल तर नॉन क्रिमिलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) पण लागतं, त्यासाठी तहसीलचा ३ वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, मर्यादा ८ लाख. एससी-एसटीला नॉन क्रिमिलेअर नाही. यात सगळे ज्या तारखेवर फसतात ती म्हणजे ३१ मार्च, नॉन क्रिमिलेअरची मुदत अॅडमिशननंतर येणाऱ्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत पोचते का ते वाचा, जुनं लॅमिनेट करून ठेवलेलं काही कामाचं नाही.

आणि मग व्हॅलिडिटी. नुसत्या जातीच्या दाखल्यावर सीट टिकत नाही, पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर भरायचा, मग कागद घेऊन आमच्या नाशकात नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवनात. एसटीवाल्यांची समिती वेगळी आहे, आदिवासी विकास विभागाची, त्यामुळे उगाच न्याय भवनाच्या रांगेत उभे राहू नका. दोन्हीकडे मागतात जुना पुरावा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी-एसबीसीला १३ ऑक्टोबर १९६७.

आमचं घोडं इथेच अडलं. आजोबांचा निफाड तालुक्यातल्या शाळेचा उतारा मिळाला, पण जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं, पुढे काही नाही, मास्तरांनी घाई केली असेल! मग त्यांच्या धाकट्या भावाची नोंद शोधली, त्यात जात व्यवस्थित होती, वंशावळीचं अॅफिडेव्हिट करून ती जोडली आणि गाडी पुढे सरकली. म्हणून एकाच माणसाच्या मागे लागू नका, चुलत आजोबा, आत्या, कोणाचीही नोंद चालते, फक्त वडिलांकडची हवी, मामाची व्हॅलिडिटी घेऊन येणारे हमखास परत जातात. चुलत्याला किंवा चुलतभावाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तुमचं अर्धं काम झालंच समजा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ बघायचं, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली असते. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर मोडी वाचणारा शोधावा लागतो.

लग्नानंतर ३ वर्षांच्या कोर्सला येणाऱ्या बायकांनी (मी त्यातलीच) सगळे दाखले माहेरच्या जातीवर आणि वडिलांच्या कागदांवर काढायचे, सासरची जात इथे लागू होत नाही. नावबदलाचं गॅझेट किंवा लग्नाचं सर्टिफिकेट सोबत ठेवा, आणि स्पेलिंग! आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल तर ते आजच दुरुस्त करायला टाका, कॅप सुरू झाल्यावर सीबीएस बसस्टँडला नोटरी गाठत फिरण्यात काही मजा नाही.

ईडब्ल्यूएसवाल्यांनी दाखला चालू वर्षाचाच काढा. दिव्यांग असाल तर यूडीआयडी कार्ड तयार ठेवा, ५ टक्के जागा आहेत, आणि अनाथ मुलांसाठी १ टक्का आहे हे खूप जणांना माहीतच नसतं.

कॅपच्या ऑप्शन फॉर्मला नाशकातली एनबीटी, मविप्र आणि नवजीवन ही तिन्ही टाकाच, पण मार्क बरे असतील तर मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) आणि पुण्याचं आयएलएस वर टाकायला लाजू नका, वर टाकल्याने खालचं कॉलेज जात नाही. अॅडमिशन झाली की लगेच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरा. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, पण सीट कॅपमधून मिळालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही.

व्हॅलिडिटीची पावती मिळाली की तिच्या दोन झेरॉक्स काढा, एक पेटीत ठेवा.