बॅशच्या आरंभ-फायली: मराठी-कन्नड संगणकासाठी मांडणी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत एकाच संगणकावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील कामे चालतात, त्यामुळे टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडताच हवी ती मांडणी मिळावी यासाठी बॅशच्या, म्हणजे त्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आरंभ-फायली (सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फायली) नीट लावून घ्याव्यात. होम फोल्डरमधील (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील) या फायलींची नावे टिंबाने सुरू होत असल्याने त्या एरवी दिसत नाहीत.

एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने) सर्व्हरवर लॉगिन केल्यास बॅश आधी सर्वांसाठीची सामायिक प्रोफाइल वाचते आणि मग होम फोल्डरमधील बॅश_प्रोफाइल, बॅश_लॉगिन व प्रोफाइल यांपैकी, याच क्रमाने, जी पहिली सापडेल तेवढीच वाचते. डेस्कटॉपवरील टर्मिनलची नवी खिडकी मात्र सहसा केवळ बॅशआरसी वाचते. उबुंटू या लिनक्स प्रणालीमध्ये मूळची प्रोफाइलच बॅशआरसीला बोलावते. म्हणून कोणी हौसेने नवी बॅश_प्रोफाइल तयार केली की ही साखळी तुटते आणि लॉगिननंतर सगळे अ‍ॅलियस (आज्ञांना दिलेली छोटी नावे) गायब होतात. नव्या फाइलमध्ये प्रोफाइल सोर्स करणारी, म्हणजे ती तिथेच वाचून घेणारी, एक ओळ घातली की काम भागते.

तारखा मराठीत हव्या असल्यास प्रोफाइलमध्ये ‘एक्स्पोर्ट एलसी_टाइम=एमआर_आयएन.यूटीएफ-८’ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. कन्नडसाठी ‘केएन_आयएन’ वापरावे. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडू नये. ते लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) बसवलेले आहे का, हे ‘लोकेल -ए’च्या यादीत आधी पाहावे. त्रुटींचे संदेश मात्र इंग्रजीतच राहू द्यावेत, कारण त्यांवरचे उपाय शोधणे त्यामुळे सोपे जाते.

बदलापूर्वी फाइलची प्रत ठेवावी, ‘बॅश -एन’ने व्याकरण तपासावे आणि नवी खिडकी सुरळीत उघडेपर्यंत जुनी बंद करू नये.