पंडित, बुवा, शास्त्री की विदुषी? पत्रिकेत कुणाच्या नावापुढे काय लावायचं

मैफल असो, व्याख्यान असो की वेदपारायणाची सांगता, आमंत्रण पत्रिका आणि निवेदन ज्याच्या गळ्यात पडतं त्याला एक प्रश्न हमखास पडतो, नावाच्या आधी लिहायचं काय? बरेच जण सेफ खेळायचं म्हणून सगळंच लावतात, 'आदरणीय गुरुवर्य पं. डॉ. श्री. अमुक-तमुकजी साहेब', आणि मग बॅनरवर नावालाच जागा उरत नाही. त्यापेक्षा ही बिरुदं येतात कुठून ते नीट कळलं की ऐंशी टक्के गोंधळ तिथेच मिटतो.

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. एक, परीक्षा देऊन मिळवलेली पदवी. दोन, सरकारने, संस्थानाने किंवा एखाद्या सभेने दिलेला किताब. तीन, लोकांच्या तोंडून आलेलं. पहिल्या दोन प्रकारांत विचारता येतं की कधी मिळाली, कुणी दिली. तिसऱ्याचं सर्टिफिकेट नसतं, आणि गंमत म्हणजे 'पंडित' आणि 'उस्ताद' ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी दोन बिरुदं या तिसऱ्यातच येतात. आकाशवाणीचा टॉप ग्रेड मिळाला म्हणून कुणी आपोआप पंडित होत नाही, अलंकार पास झालं म्हणून तर नाहीच नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'संगीत विशारद', 'संगीत अलंकार' या परीक्षेच्या पदव्या आहेत, त्या नावाच्या नंतर किंवा परिचयात लिहायच्या, नावाआधी नाही.

आधी विद्वानांचं बघू, कारण तिथे नियम जरा पक्के आहेत.

वेद शिकलेल्या माणसाला आपल्याकडे 'वेदमूर्ती' लावतात, पत्रिकेत वे. मू. असं. वेदासोबत शास्त्रही झालेलं असेल तर 'वेदशास्त्रसंपन्न', म्हणजे वे. शा. सं. त्यापुढे मग 'दशग्रंथी' आणि 'घनपाठी'. ही दोन उगाच शोभेला लावायची नाहीत हां, कारण त्यामागे नेमका अभ्यास आहे. ऋग्वेदाचा दशग्रंथी म्हणजे संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, अष्टाध्यायी, निघंटू, निरुक्त, छंद आणि ज्योतिष, हे दहाही ग्रंथ ज्याला मुखोद्गत आहेत तो. आणि घनपाठी म्हणजे मंत्रातली पदं घन पद्धतीने म्हणू शकणारा. तीन पदं घ्या आणि त्यांना १, २, ३ म्हणा, तर घनात ती १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी म्हणायची, मग एक पद पुढे सरकून पुन्हा तेच, आणि हे अख्ख्या संहितेचं, संधी आणि स्वर न चुकवता. एवढी वर्षं घालवलेल्या माणसाच्या पत्रिकेत नुसतं 'पं.' छापलं तर त्यांना राग येणार नाही कदाचित, पण कळणाऱ्यांना खटकतं. म्हणून गुरुजींना सरळ विचारावं, 'गुरुजी, अध्ययन कुठपर्यंत झालंय, पत्रिकेत कसं लिहू?' ते आनंदाने सांगतात.

'शास्त्री' मध्ये दोन भानगडी आहेत. जुन्या पद्धतीत ते नावाला जोडून येतं, बाळशास्त्री जांभेकर, लक्ष्मणशास्त्री जोशी. तोडून 'लक्ष्मण शास्त्री जोशी' लिहिलं की ते मधलं नाव वाटायला लागतं, डिझायनर लोक हे हमखास करतात, प्रूफमध्ये बघून घ्या. दुसरं म्हणजे आजच्या संस्कृत विद्यापीठांत 'शास्त्री' ही बीएच्या बरोबरीची पदवी आहे, 'आचार्य' एमएच्या, आणि 'विद्यावारिधी' म्हणजे पीएचडी. त्यामुळे एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या बायोडेटात 'आचार्य' दिसलं तर ती डिग्री आहे, आचार्य विनोबा किंवा आचार्य अत्रे म्हणतो त्या अर्थाने नाही. अशा वेळी नावापुढे डॉ. किंवा प्रा. लावा आणि पदवी परिचयात टाका.

'तीर्थ'ने संपणाऱ्या पदव्या, म्हणजे तर्कतीर्थ, काव्यतीर्थ, न्यायतीर्थ वगैरे, या पण परीक्षेच्या. वाईचे लक्ष्मणशास्त्री कलकत्त्याला जाऊन तर्कतीर्थ झाले आणि पुढे ते बिरुद नावाला असं चिकटलं की आज नुसतं 'तर्कतीर्थ' म्हटलं तरी महाराष्ट्रात एकच माणूस डोळ्यासमोर येतो. 'महामहोपाध्याय' मात्र वेगळं. शब्द जुना आहे, पण इंग्रज सरकारने १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी तो संस्कृत पंडितांसाठी किताब म्हणून सुरू केला, अरबी-फारसीच्या विद्वानांना त्याच धर्तीवर 'शम्स-उल-उलेमा'. पां. वा. काणे, दत्तो वामन पोतदार, वा. वि. मिराशी हे आपल्याकडचे महामहोपाध्याय. जुन्या पुस्तकांत 'म. म.' दिसलं तर ते हे, नव्या वाचकासाठी मात्र पूर्ण लिहा.

आता गाण्याकडे. खरी मारामारी इथे आहे.

आजची सरसकट रीत अशी की हिंदू कलाकाराला पंडित, मुसलमान कलाकाराला उस्ताद, बायकांना विदुषी, आणि कर्नाटक संगीतात पुरुषाला विद्वान, बाईला विदुषी. बेगम परवीन सुलताना यांच्यासारख्या काही नावांपुढे 'बेगम' रूढ आहे. ही रीत पाळा, पण मराठी मुलुखात तिच्या शेजारी एक आपली स्वतःची रीत आहे ती विसरू नका. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे, विनायकबुवा पटवर्धन. 'बुवा' मध्ये मान आलाच, शिवाय ते कीर्तनकाराला आणि भजनी मंडळाच्या म्होरक्यालाही चालतं. माझं मत विचाराल तर 'पं. भास्करबुवा' लिहिण्याची गरज नाही, पण लिहिलंय म्हणून कुणाशी भांडायलाही जाऊ नये, रूढ झालंय. तसंच 'खाँसाहेब'. 'उस्ताद अब्दुल करीम खाँ' लिहा किंवा 'अब्दुल करीम खाँसाहेब' लिहा, दोन्ही एका ओळीत कोंबू नका.

'मा.' या एका टिंबाच्या प्रकरणात तर मोठमोठे निवेदक अडकतात. मा. कृष्णराव, मा. दीनानाथ, हे मास्टर आहेत, माननीय नाहीत! स्टेजवरून 'माननीय दीनानाथ मंगेशकर' असं ऐकलं की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. म्हणून निवेदनाच्या कागदावर शॉर्टफॉर्म ठेवूच नका, 'मास्टर' असं पूर्ण लिहा. 'वि.' चं पण तेच, विदुषीचं वि. केलं की ते नावाचं आद्याक्षर वाटतं. पं. आणि डॉ. एवढेच शॉर्टफॉर्म निर्धास्त वापरावेत.

मग गंधर्व मंडळी. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, हे नाव लोकमान्य टिळकांनी दिलं असं सांगतात. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, शिवपुत्र कोमकली म्हणजे कुमार गंधर्व, सौदागर गोरे म्हणजे छोटा गंधर्व. इथे बिरुदानेच नावाची जागा घेतलीय, त्यामुळे 'बालगंधर्व राजहंस' असं अर्धं-अर्धं करू नये. कुमारजींच्या नावाआधी 'पं.' लावतात ते चालतं.

किशोरीताई आमोणकर गानसरस्वती, मोगूबाई कुर्डीकर गानतपस्विनी, केसरबाई केरकर सूरश्री, भीमसेनजी जोशी स्वरभास्कर, ही बिरुदं एकेका व्यक्तीची आहेत. दुसऱ्या कुणाला ती उचलून लावायची नाहीत, कितीही आवडता कलाकार असला तरी. आणि नवीन घडवायची हौस तर नकोच, गल्लीतल्या गणपतीत गेल्या काही वर्षांत इतके 'स्वरसम्राट' झालेत की राज्यं पुरायची नाहीत.

पद्म पुरस्कारांचं मात्र लक्षपूर्वक वाचा, कारण हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. घटनेच्या कलम १८ नुसार सैनिकी आणि विद्याविषयक मानचिन्हं सोडून सरकार कुणाला किताब देऊ शकत नाही, आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतरत्न, पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री हे किताब नाहीत, म्हणून ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. लेटरहेड, पत्रिका, पोस्टर, कुठेच नाही. तरी सगळीकडे 'पद्मश्री पं. अमुक' छापतातच. तुम्ही नाव साधं छापा आणि खालच्या परिचयात 'अमुक साली पद्मश्रीने सन्मानित' अशी ओळ द्या, सांगायचं ते सांगून होतं.

डॉक्टरेट असलेल्या गायकाचं काय? पं. डॉ. की डॉ. पं.? मी तरी कार्यक्रम बघून एकच निवडतो. मैफल असेल तर पं. किंवा विदुषी, चर्चासत्र असेल तर डॉ. वसंतराव देशपांडे आजही डॉक्टर वसंतराव म्हणूनच ओळखले जातात, त्यांचं काही अडलं नाही.

गेलेल्या कलाकारांपुढे कै. लावायचं की नाही यावर वाद घालणारे घालतात. विष्णू दिगंबर पलुसकर, भातखंडे अशी इतिहासात जाऊन बसलेली माणसं असतील तर कै. ची गरज नाही, नुसतं पं. पुरे. अलीकडेच कुणी गेलं असेल आणि स्मृतिदिनाचा कार्यक्रम असेल तर लावा. मुसलमान कलाकाराला कै. अजिबात नको, कैलासवासी कसं म्हणणार, तिथे 'मरहूम' म्हणतात किंवा काहीच लावत नाहीत.

तोंडी बोलताना नियम वेगळे. एकदा पूर्ण नाव बिरुदासकट घ्या, त्यानंतर पंडितजी, बुवा, ताई, खाँसाहेब, जे त्या माणसाला शोभतं ते. भीमसेनजींना जवळचे लोक अण्णा म्हणायचे, मोगूबाईंना माई, पण ही घरातली हाक आहे, ओळख नसताना माइकवरून मारू नये. क्रियापद आदरार्थी ठेवा, 'पंडितजी आता यमन सादर करतील'. आणि शिष्य आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात ते तुम्ही निवेदक म्हणून करायची गरज नाही, तुम्ही त्यांचे शिष्य असाल तर गोष्ट वेगळी.

पंचविशीतल्या गायकाचं 'पंडित' असं स्वतःच लिहिलेलं प्रोफाइल आलं तर? हे आता सर्रास होतं. आयोजकांशी बोला, गुरू हयात असतील तर त्यांच्याकडे हळूच विचारा, आणि शेवटी नुसतं नाव आणि 'अमुक यांचे शिष्य' असं छापा. आपल्या परंपरेत तरुण कलाकाराची ती ओळख कमी दर्जाची अजिबात नाही.

साथीदारांचं शेवटी लिहितोय कारण पत्रिकेतही त्यांना शेवटीच ढकलतात. मुख्य गायकाला पं. आणि त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याइतक्याच नावाच्या तबलजींना नुसतं 'श्री.' असं करू नका, दोघांनाही तेच लावा. तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्यांची नावं बिरुदाशिवाय पण पूर्ण, आडनावासकट द्या. छापायला देण्याआधी पीडीएफ कलाकाराच्या घरच्यांना किंवा जे फोनवर बोलतात त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा आणि 'नाव असंच छापू ना?' हे लेखी विचारून ठेवा, नुसत्या अंगठ्यावर समाधान मानू नका, कारण बऱ्याचदा फाइल न उघडताच अंगठा येतो.