शेनान्डोआ खोऱ्यातले दहा दिवस : छोट्या युद्धपटाचा डाव कसा रचावा

अमेरिकी यादवी युद्धावरचा छोटा डाव रचताना पहिला मोह होतो तो सगळी मोहीम पटावर मांडण्याचा. दक्षिणेचा सेनापती जॅक्सन याची 1862 ची, व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यातली मोहीम मार्चमधल्या कर्न्सटाउनच्या पराभवापासून जूनपर्यंत चालली. ती दोन तासांत बसवू गेल्यास सोंगट्या सरकवण्यापलीकडे खेळाडूंच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून 31 मे ते 9 जून एवढेच दिवस घ्यावेत आणि दर दिवसाला एक फेरी धरावी. या दिवसांत प्रश्न एकच होता : उत्तरेचे सेनापती फ्रेमाँट आणि शील्ड्स एकत्र येण्याआधी जॅक्सन दक्षिणेकडे निसटतो का? ज्या नियमाचा या प्रश्नाशी संबंध नाही, तो कितीही आवडला तरी गाळावा.

सर्वाधिक वेळ नकाशाला द्यावा. मॅसानटन हा सुमारे 80 किलोमीटर लांबीचा डोंगर खोरे उभे चिरतो आणि त्याला ओलांडणारा एकच चांगला रस्ता न्यू मार्केटहून लुरेकडे जातो. अशा भूभागाला षटकोनी घरांची जाळी लागत नाही. ठिकाणे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा पुरतात. पश्चिमेच्या रांगेत विंचेस्टर, स्ट्रासबर्ग, वुडस्टॉक, माउंट जॅक्सन, न्यू मार्केट, हॅरिसनबर्ग व क्रॉस कीज ठेवावीत, पूर्वेच्या रांगेत फ्रंट रॉयल, लुरे व कॉनरड्स स्टोअर. दोन्ही रांगा पोर्ट रिपब्लिकला मिळतात. पश्चिमेचा रस्ता खडीचा आणि पक्का, पूर्वेचा कच्चा. शिवाय जूनच्या आरंभी पावसाने नद्या फुगल्या होत्या.

जॅक्सनबरोबर सुमारे 2,000 कैदी आणि मैलोगणती लांब गाड्यांचा तांडा होता. पक्क्या रस्त्यावर फेरीला दोन ठिकाणे पार होतात, पण तांडा सोबत असेल तर एकच, असा नियम केला की विंचेस्टरहून निघालेला जॅक्सन सातव्या फेरीत, म्हणजे 6 जूनला, पोर्ट रिपब्लिकला पोहोचतो. तांडा टाकून वेगाने पळायचे की तो वाचवल्याचे गुण राखायचे, हे त्याने ठरवावे.

माझ्या पहिल्या मसुद्यात फ्रंट रॉयलहून निघणारा शील्ड्स फाशावर 4, 5 किंवा 6 पडल्यास पुढचे ठिकाण गाठत असे. तीन टप्प्यांना सरासरी सहा फेऱ्या लागत, म्हणजे तो बहुधा जॅक्सनच्या आधीच येऊन बसे आणि डाव तिथेच मोडे. केवळ 5 किंवा 6 ला पुढे जाण्याची मुभा ठेवली तेव्हा सरासरी नऊ फेऱ्या झाल्या, म्हणजे 8 जून. प्रत्यक्षातही त्याचे सैनिक त्याच दिवशी पोर्ट रिपब्लिकला येऊन थडकले.

लुरेजवळचे व्हाइट हाउस आणि कोलंबिया हे पूल जॅक्सनच्या माणसांनी जाळले, म्हणून शील्ड्सला न्यू मार्केटकडे वळता आले नाही. पूल जाळण्यासाठी घोडदळाची सोंगटी तिथे पूर्ण फेरी थांबलीच पाहिजे, म्हणजे तेवढा वेळ फ्रेमाँटला अडवायला ती मोकळी राहत नाही.

लढाईचा नियम थोडक्यात आटोपावा : दर हजार सैनिकांमागे एक बळ, आणि एक फासा. क्रॉस कीजला फ्रेमाँटजवळ जॅक्सनच्या हाताखालच्या एवेलच्या जवळजवळ दुप्पट सैन्य असूनही त्यातला थोडाच भाग नेटाने लढला. तेव्हा त्याच्या प्रत्येक ब्रिगेडने हल्ल्यापूर्वी हुकूम पोहोचला का, हे फाशाने तपासावे. पोर्ट रिपब्लिकला 9 जूनच्या सकाळी जॅक्सनच्या माणसांना गाड्यांवर फळ्या टाकून केलेल्या डगमगत्या पुलावरून एकामागून एक जावे लागले, त्यामुळे साउथ नदीपलीकडे फेरीत एकच ब्रिगेड उतरवू द्यावी.

लढाया जिंकल्याचे गुण जॅक्सनला देऊ नयेत. तांडा वाचला तर दोन, आणि नवव्या फेरीअखेर उत्तरेच्या दोन्ही फौजा एका ठिकाणी आल्या नसतील तर तीन. टिकलेल्या प्रत्येक ब्रिगेडमागे एक.