डोंबारी चंडोल ओळखायचा तर आधी कान लावा

नांगरलेल्या रानात किंवा माळावर हा पक्षी ढेकळांत असा मिसळतो की दुर्बीण असूनही दिसत नाही. म्हणून डोळ्यांआधी कानांवर भिस्त ठेवा.

१. सकाळी मोकळ्या शेताच्या बांधावर थांबा. फेब्रुवारी ते सप्टेंबर हा यांचा मुख्य विणीचा काळ, तेव्हा नर जास्त गातात.

२. एकच लांबलचक, बारीक होत जाणारी शीळ आली की वर बघा. नर फडफडत उंच चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली सूर मारतो, सावरून पुन्हा वर उसळतो. आकाशात अशा लाटांवर लाटा काढत तो चालतो. ही कसरत दिसली की ओळख जवळजवळ पक्कीच.

३. तो कुठल्या ढेकळावर उतरतो त्यावर नजर ठेवा आणि मग दुर्बीण लावा. चिमणीपेक्षा लहान, आखूड जाड चोच, राखाडी टाळू, पांढुरके गाल, डोळ्यातून जाणारी काळी पट्टी आणि काळेभोर पोट. पोट काळे आणि पाठ फिकट, हा उलटा रंग सर्वांत उपयोगी.

मादी मात्र मातकट, पहिल्या नजरेत चिमणीची मादीच वाटते. ती एकटी दिसली तर नाव लिहायची घाई नको. जवळपास नर शोधा.

शेतात पाऊल टाकू नका. घरटे जमिनीवरच, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असते आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.