दुसऱ्याच्या निसर्गफोटोवर अभिप्राय देताना या चुका टाळा

थंडी पडली की पुण्या-सोलापूरकडचे हौशी फोटोग्राफर भिगवणला, उजनीच्या पाण्यावर धाव घेतात. घरी परतल्यावर फोटो एकमेकांना दाखवले जातात आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘कसा आलाय?’ त्यावर ‘मस्त’, ‘कडक’ म्हणून मोकळं होणारे पुष्कळ असतात आणि फोटो हातात घेतल्याबरोबर चुका मोजायला लागणारेही असतात. दोघांकडूनही विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माझ्या मते अभिप्रायाची कसोटी एकच: तो ऐकून त्या माणसाला पुढच्या रविवारी काहीतरी वेगळं करून बघता आलं पाहिजे.

‘शार्प नाही’ म्हणून थांबणं

हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ताप आलाय हे पेशंटला आधीच कळलेलं असतं. तो कशानं आला, हे त्याला हवं असतं. फोटो मऊ, म्हणजे कडा पुसट, येण्याची निदान चार कारणं आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. फोटो मोठा करून कडा नीट पाहिल्या, तर कारण बऱ्याचदा सापडतं.

पक्षी, गवत, पाण्यावरची चमक असं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हललाय. लांबचं जवळ आणणारी ४०० एमएमची लेन्स हातात धरून वापरताना शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) निदान १/४०० सेकंद हवा, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १/६०० च्या पुढे. इथे ‘ट्रायपॉड वापर’ हा सल्ला अगदी सवयीनं दिला जातो. पण भिगवणला फोटो होडीतून काढतात आणि ट्रायपॉडही होडीबरोबर डुलतो. तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवून शटर स्पीड चढवणं हाच मार्ग.

डोळा आणि अंग स्वच्छ आहे, फक्त पंखांची टोकं पुसट आहेत, तर पक्ष्याची हालचाल शटरपेक्षा वेगवान होती. पाण्यावर सूर मारणाऱ्या नदी सुरयासाठी १/२००० च्या आसपास जावं लागतं. मात्र असे पुसट पंख कधीकधी फार सुंदर दिसतात, तेव्हा ती चूक आहे असं परस्पर ठरवू नका.

पक्षी मऊ, पण त्याच्या पुढची गवताची काडी किंवा मागचा दगड लख्ख दिसतोय? मग फोकस चुकलाय. जवळच्या पक्ष्यावर ४०० एमएम आणि एफ ५.६ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) असेल तर फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम काही सेंटीमीटर असते. चोच शार्प आली तरी डोळा निसटू शकतो. ‘एकच फोकस पॉइंट ठेवा आणि तो डोळ्यावर आणा’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

चौथं कारण ओळखायला सर्वांत अवघड. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. लांबच्या अग्निपंखांच्या थव्याच्या कडा मग लाटा आल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसतात आणि ओळीनं काढलेल्या दहा फोटोंत प्रत्येकाचा मऊपणा वेगळा असतो. यावर ना महागडी लेन्स चालते, ना सॉफ्टवेअर. सकाळी लवकर पाण्यावर असणं आणि लांबच्या पक्ष्याचा नाद सोडणं, हेच दोन उपाय. हे न सांगितल्यामुळे कितीतरी जण आपल्या हाताला आणि लेन्सला दोष देत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पांढरा बगळा जळला, पण का, ते न सांगणं

‘हायलाइट गेलेत’ हे वाक्य नवशिक्याला कळतच नाही. त्याऐवजी बगळ्याची पाठ दाखवा: ‘इथे पिसांच्या रेषा दिसायला हव्या होत्या, नुसता पांढरा डाग आलाय.’ मग कारण सांगा. फ्रेमचा बराचसा भाग गडद पाण्याचा असला की कॅमेरा दृश्य काळोखं समजतो आणि सगळंच उजळ करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे २/३ ते उणे १ ठेवून बघायला सांगा. उजळ आभाळासमोरच्या काळ्या कोतवालाचं नेमकं उलटं. तिथे अधिककडे जावं लागतं. हा धागा एकदा हाती लागला की माणूस पुढचे कितीतरी फोटो स्वतःच सुधारतो.

काय दाखवायचं होतं, ते न विचारणं

निवृत्त झाल्यावर कॅमेरा हातात घेतलेले एखादे काका विस्तीर्ण पाणी, मागे धुकं आणि कोपऱ्यात एकटा चित्रबलाक असा फोटो दाखवतात. लगेच कोणीतरी म्हणतं, ‘पक्षी फार लहान आलाय, क्रॉप करा.’ त्याआधी एवढंच विचारावं, ‘काका, हा काढताना तुमच्या मनात काय होतं?’ ते ‘पहाटेचा एकटेपणा’ म्हणाले, तर पक्षी लहान आहे हेच बरोबर, आणि मग बोलायचं ते क्षितिज तिरकं झालंय का, पक्ष्याच्या नजरेसमोर जागा सुटलीय का, याबद्दल. ते ‘लेन्स पोचली नाही हो’ म्हणाले, तर चर्चा वेगळी. पक्षी मधोमध नको हा नियमही असाच तपासून घ्यावा. शांत पाण्यात पूर्ण प्रतिबिंब पडलेला शेकाट्या मधोमधच शोभतो.

आणि ‘६०० एमएम घ्या’ हा अभिप्राय नव्हे. ती लेन्स बहुतेकांच्या ऐपतीबाहेरची असते. खाली बसा, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर या, एका जागी थांबून त्याला आपली सवय होऊ द्या. यात पैसे लागत नाहीत.

जागा न ओळखता सल्ला देणं

डोळ्याच्या पातळीवर येण्याचा हा चांगला सल्लासुद्धा कास पठारावर घातक ठरतो. तिथली फुलं जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात वाढतात. ‘आडवे पडून काढा’ असं सांगितलं तर एका फुलाच्या फोटोपायी शेकडो रोपं अंगाखाली चिरडतात. तिथे सांगायचं ते वेगळं: पायवाटेवरच राहा, कॅमेरा हातानं खाली न्या, फिरणारा स्क्रीन असेल तर तो उघडून फ्रेम बघा आणि वाटेच्या कडेचंच फूल निवडा.

घरट्याच्या फोटोला टाळ्या वाजवणं

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते याबद्दल. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याची वीण असते. ओढ्याकाठच्या मातीच्या कडेत तो बीळ करतो आणि पिलांसाठी सापसुरळ्या, बेडूक, खेकडे आणतो. चोचीत सापसुरळी धरून फांदीवर बसलेल्या या रंगीबेरंगी पक्ष्याचा फोटो बघताच कोणीही हरखून जाईल. पण ‘वा!’ म्हणण्याआधी नीट बघा. बिळात शिरण्यापूर्वी पक्षी क्षणभर बसणं स्वाभाविक आहे. तो घास धरून बराच वेळ तसाच बसून राहिला असेल, तर समोर काहीतरी आहे म्हणून तो आत जायला धजावत नाही, आणि ते काहीतरी म्हणजे बहुधा आपले कॅमेरे. तेवढा वेळ पिलं उपाशी राहतात.

फोटोत आणखीही खुणा मिळतात. बिळासमोरचा झाडोरा कापलेला, फांदी मुद्दाम रोवल्यासारखी, अंधाऱ्या ओढ्यात पक्ष्यावर फ्लॅशचा सपाट उजेड. तरीही फोटोवरून थेट आरोप करू नका. आधी विचारा: तुम्ही किती लांब होता? आणखी किती जण होते? पक्षी किती वेळानं आत गेला? उत्तरं काळजी वाटावी अशी आली, तर त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट बोला. ‘फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण मी याचं कौतुक करणार नाही, कारण पक्ष्याला त्रास झालाय,’ हे वाक्य मवाळ करण्याची गरज नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही सांगा. अनेकांना ते ठाऊकच नसतं. आणि फोटो पुढे पाठवणार असतील, तर घरट्याचं ठिकाण लिहू नका आणि फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाका, एवढं आवर्जून सांगा. एकाला पत्ता कळला की पुढच्या शनिवारी तिथे रांग लागते.

इथे गप्प बसणं मला अजिबात मान्य नाही. मैत्री दुखावेल म्हणून आपण बोललो नाही, तर तो माणूस पुढच्या पावसाळ्यात तिथेच जाईल, आणि या वेळी सोबत इतरांनाही नेईल.

ओळख चुकली असता नुसतं बरोबर नाव सांगणं

फोटोखाली ‘मोठा बगळा’ लिहिलंय आणि आहे मध्यम बगळा. नाव दुरुस्त करा, पण खूणही दाखवा: चोचीच्या फटीची रेघ मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच संपते. हे चार लोकांसमोर सांगितलं तरी कोणाला लागत नाही, कारण सगळेच त्यातून शिकतात.

मोबाइलवर आलेल्या फोटोवर निकाल देणं

व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. त्यावरून शार्पनेस किंवा नॉइजबद्दल (फोटोतल्या दाण्यांबद्दल) बोलू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पक्ष्याभोवती पांढरी किनार आणि पोपटापेक्षा हिरवी पानं दिसली, तर मूळ फाइल मागा. पुष्कळदा मूळ फोटो चांगला असतो आणि नुकसान एडिटिंगमध्ये झालेलं असतं.

एका बैठकीत एकच दुरुस्ती सांगा आणि नंतरचे फोटो आठवणीनं मागा. शटर स्पीड वाढवूनही मऊपणा तसाच असेल, तर आपलं निदान चुकलंय असं समजा. मग त्यांना सकाळच्या गारव्यात, टेकू देऊन, जवळच्या एखाद्या पाटीचा फोटो काढायला सांगा. तोही मऊ आला, तर लेन्सवरचा यूव्ही फिल्टर (पुढे लावलेली संरक्षक काच) काढून पुन्हा काढायला सांगा. स्वस्त फिल्टरमुळे लांब पल्ल्याच्या लेन्सचा शार्पनेस जातो. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस करूनही एक फोटो घ्यायला सांगा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर कॅमेरा आणि लेन्सचा फोकस जुळत नाही. काही कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये ते जुळवायची सोय असते, नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागेल.